एक भगिनी, सोलापूर

गणपती गेले की पेपरात दिवाळी अंकांच्या जाहिराती दिसायला लागतात. आपली प्रत आजच राखून ठेवा, वगैरे. ती जाहिरात पाहिली की माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पेन टेकून टेकून जिथे घट्टा पडला आहे तिथे, दुखल्यासारखं होतं. खरं तर दुखत काही नाही. घट्ट्याला काय दुखणार! पण सबंध नोकरीत ज्या दिवसांत मान वर करायची सवड मिळाली नाही, ते दिवस जवळ आले की अंग आपोआप तयार होऊन बसतं. मग त्याला सांगावं लागतं, बाई गं, तू निवृत्त झालीस, आता भाजी निवड.

यंदा जाहिरातीच्या आधी प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नात. वाघोलीच्या एका कॉलेजात माध्यमांचं काहीतरी शिकते. मराठी मासिकांनी माणसाच्या कामजीवनाचं चित्रण कसकसं केलं, असा तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय आहे. "मावशीआजी, तू तर अख्खी लाइफ तिथंच काढलीस ना? यू आर माय प्रायमरी सोर्स," ती म्हणाली. म्हातारपणी माणसाला कोण काय म्हणेल सांगता येत नाही. आमच्या मासिकाच्या जुन्या दिवाळी अंकांचे फोटो तिने लायब्ररीत बसून काढले होते. कोणकोणत्या वर्षांचे, ते मी विचारलं. तिने सांगितलं. त्यांत ते एक वर्ष होतं.

त्या वर्षीच्या अंकात सल्ल्याच्या सदरात एक पत्र आहे. ते अक्काचं आहे. तिने नाव लिहिलं नव्हतं, पण मी ओळखलं होतं. ओळखूनही त्याचं मी बाकीच्या पत्रांचं करत असे तेच केलं, आणि त्याबद्दल आम्ही दोघी तोवर एक अक्षर बोललो नव्हतो. मी ओळखलं होतं हे तिला ठाऊक आहे की नाही, तेही मला कळलेलं नव्हतं. आता प्रज्ञा म्हणत होती, रविवारी धायरीला ये, आजीसमोरच बसू, मी एकेक वाचून दाखवते. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. छातीत धस्स झालं वगैरे लिहायला हवं, पण तसं काही झालं नाही. मी कुकर लावला.

तो हंगाम आठवायचा म्हटलं तर आधी वास येतात. छपाईचे खिळे धुवायच्या रॉकेलचा वास, ओल्या प्रुफांचा वास, बांधणीच्या खोलीत शिजणाऱ्या खळीचा वास. आमचा छापखाना पेठेत होता आणि मी वरच्या मजल्यावर प्रुफं तपासत असे. त्या प्रकाशनाचे दोन अंक निघत. एक बायकांचं मासिक, अगदी सोज्वळ. त्याच्या संपादिकेला आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणत असू. दुसरा विनोदी अंक फक्त दिवाळीला निघे आणि मासिकापेक्षा कितीतरी जास्त खपे, पण हे बाईंसमोर कुणी काढत नसे.

त्या विनोदी अंकात खिडकीची चित्रं असायची. पानाला चौकोनी खिडकी कापलेली. खिडकीतून दिसायचं भलतंच, एखादी उघडी पाठ, कुणाचे तरी एकमेकांत अडकलेले पाय. पान उलटलं की कळायचं, पैलवान मालिश करून घेतो आहे, किंवा बाई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते आहे. वाचक हसायचा. भलतं त्याच्याच मनात आलेलं असायचं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? या खिडक्या कापायचं काम तळमजल्यावर बायका करायच्या. जमिनीवर बसकण मारून, मांडीशी कागदांची थप्पी घेऊन, रॉकेलच्या रांगेबद्दल आणि सुनांबद्दल बोलत. त्यांतल्या सखूबाईंनी एकदा मला हाक मारली आणि पान वर धरलं. "शकूताई, हिची खिडकी बघा वर सरकली. आता नुसतं डोकंच दिसतंय. बाईचं डोकं बघायला कोण घेणार अंक?" सगळ्या खिदळल्या. मी त्या थप्पीवर 'पुन्हा कापणे' अशी चिठ्ठी लावली आणि वर गेले.

वर बाई होत्या. बाईंबद्दल मला वाईट बोलायचं नाही. लग्न झालेल्या बाईला अंथरुणाविषयी काही विचारायचं असू शकतं, हेच तेव्हा फारसं कुणी धरत नव्हतं. बाईंनी त्यासाठी सदर काढलं, आणि त्याबद्दल त्यांना घाणेरडी निनावी पत्रंही येत. ती त्या शांतपणे वाचून टोपलीत टाकत. पण त्यांचे नियम होते. त्या म्हणायच्या, "शकुंतलाबाई, आपला अंक कुणाच्या तरी जेवणाच्या ताटाशेजारी उघडा पडलेला असतो, हे लक्षात ठेवून लिहा." म्हणून शरीराच्या कुठल्याही भागाचं नाव यायचं नाही. 'संबंध' चालेल, 'सुख' चालेल, अगदीच अडलं तर 'तिथे' चालेल. पत्र चार पानांचं असलं तरी आठ ओळींत बसवायचं. नाव काढून 'एक भगिनी' लिहायचं आणि गाव बदलायचं, म्हणजे ओळख पटायला नको. नाशिकची भगिनी मिरजेची व्हायची आणि मिरजेची अकोल्याची. मूळ पत्र त्याच दिवशी चार तुकडे करून टाकायचं. हे सगळं माझ्याकडे होतं, कारण माझं मराठी स्वच्छ आहे असं बाईंचं मत होतं.

उत्तरं देणारे डॉक्टर वयस्कर, भले गृहस्थ होते. ते महिन्यातून एका गुरुवारी येत. त्यांच्या सोयीसाठी आम्ही पत्रांच्या फाइली केल्या होत्या: अज्ञान, गैरसमज, विसंवाद आणि इतर. प्रत्येक फाइलीला डॉक्टरांनी पूर्वीच लिहून ठेवलेली ठरावीक उत्तरं असत, त्यांत थोडा फेरफार करून नवं उत्तर तयार होई. पत्र कुठल्या फाइलीत टाकायचं, ते मी ठरवत असे. तेव्हा उत्तर काय मिळणार, तेही एका परीने मीच ठरवत होते. पण असा विचार तेव्हा कोण करतं? कपाट लावताना आपण असला विचार करत नाही.

एका अंकात बाईंनी स्तनाच्या गाठीवर माहितीपर लेख घेतला. विषय घेणं हेच धाडस होतं. पण 'स्तन' हा शब्द काही त्यांना चालेना. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नदीवरून येणारी रंगवलेली बाई होती, ओलेत्या लुगड्यात, आणि त्या चित्रकाराने काहीही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. ते चाललं. लेखात मात्र मी सगळीकडे 'छातीतील गाठ' केलं. पुढच्या महिन्यात परभणीकडच्या एका बाईचं पत्र आलं, ही गाठ खोकल्याने होते का, मी आल्याचा रस घेते आहे, आणखी किती दिवस घेऊ? मी ते 'गैरसमज' या फाइलीत टाकलं.

तो काळच तसा होता असं म्हणायची पद्धत आहे. काळ कसा होता ते आठवून बघते. खडकीच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले होते आणि शेजारी आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार गोल हसरे चेहरे. त्या चेहऱ्यांकडे बघून ही मुलं कशी झाली असावीत याची पुसटशी शंका येत नसे. सिनेमात नायक-नायिका झाडामागे गेली की दोन फुलं एकमेकांना डोकं लावायची. कॅम्पातल्या थिएटरच्या सकाळच्या खेळाच्या पोस्टरवर गुरुवारी बाई असायची आणि शनिवारी त्या बाईवर नेमक्या ठिकाणी डांबराचे दोन पट्टे. डांबर कोण मारतं ते कधी कळलं नाही, पण त्या पट्ट्यांमुळे लांबूनही नजर बरोबर तिथेच जायची. अक्काच्या शेजारी नवा रंगीत टीव्ही आला होता. त्यावर पाऊस, छत्री आणि नवराबायको अशी ती कुटुंबनियोजनाची जाहिरात लागली की खोलीतल्या समस्त पुरुषांना एकदम तहान लागायची. अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, उठून माठाकडे जायचे. अक्काची सासू खोकायची. जाहिरात संपली की सगळे परत येऊन बसायचे.

अक्का खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायची. आमचे वडीलही त्याच कारखान्यात होते. ते निवृत्त होऊन आईला घेऊन कऱ्हाडकडे गावी गेले, मी नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात आले आणि अक्का लग्न होऊन त्याच वसाहतीत, चार इमारती पलीकडे गेली. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असे, आणि वाचायला बहुधा अक्काच बसायची. आवाज खणखणीत. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही शब्द न शब्द ऐकू जाई. दाजी पहिल्या रांगेत मुलाला मांडीवर घेऊन बसत आणि त्यांना तिचा अभिमान वाटे. दाजी चांगला माणूस होता. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ते दारूला शिवत नसत, पगार घरी आणत, सासूसुनेच्या भांडणात बायकोची बाजू घेत. मला बस स्टॉपवर सोडायला येताना माझी पिशवी ते स्वतः धरत.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी अक्काकडे गेले होते. आम्ही दोघी कुरडया उलटत होतो. तिने विचारलं, "तुमच्यात ती पत्रं येतात ती खरी असतात का गं?"

"खरी नाही तर काय? पोतं भरून येतात."

"आणि कोण वाचतं ती?"

"पहिल्यांदा मीच वाचते," मी ऐटीत सांगितलं. "मी निवडल्याशिवाय डॉक्टरांसमोर एक कागद जात नाही. बाईसुद्धा नंतर बघतात."

"बरंय," अक्का म्हणाली आणि कुरडया उचलून उन्हात ठेवायला गेली.

भाद्रपदात मासिकाच्या दिवाळी अंकाचं काम गळ्याशी आलं. बाईंनी सहजीवन विशेष विभाग काढायचं ठरवलं होतं, त्यामुळे सदराला नेहमीच्या दुप्पट पानं होती. सकाळी पत्रांचा गठ्ठा फोडायला बसले. बहुधा मंगळवार होता. मधेच कुठेतरी शाळेच्या वहीचा कागद निघाला. पहिली ओळ वाचायच्या आधीच मी ओळखलं. अक्काच्या ओळी उजवीकडे वर चढत जातात, रेघा आखलेल्या असल्या तरी. वडिलांनी तिला यासाठी पुष्कळ छड्या मारल्या होत्या. आणि कागदाच्या मागे माझ्या भाच्याने गिरवलेले 'ग' होते.

ते पत्र मी फाडलं, पण ते मला पाठ आहे. दुरुस्त करण्यापूर्वी मजकूर एकदा सबंध वाचायची सवय होती, त्यामुळे असेल.

"सादर नमस्कार. लग्नाला सहा वर्षं झाली. एक मुलगा आहे. मालक चांगले आहेत, पीत बीत नाहीत. पण त्यांना पाहिजे तेव्हा पाहिजे. मी नको म्हणते ते त्यांना ऐकूच जात नाही. हाताने ढकललं तर हसतात. आता मी ढकलत पण नाही. मनात सतराचा पाढा म्हणते. सतरा दाहेपर्यंत बहुतेक संपतं, नाही तर अठराचा धरते. आता अंगाला काही कळेनासं झालंय. परवा तव्याचा चटका बसला तो पण उशिरा कळला. सगळ्यांचं असंच असतं का? असंच असलं तर तसं सांगा, म्हणजे मी गप बसेन. नसलं तर नको कसं म्हणायचं ते सांगा."

मी लाल पेनाचं टोपण काढलं. कोऱ्या कागदावर लिहिलं:

"माझ्या विवाहास सहा वर्षे झाली असून मला एक अपत्य आहे. पती सुस्वभावी व निर्व्यसनी आहेत. तथापि वैवाहिक सुखाविषयी मला पूर्वीसारखी ओढ वाटत नाही. पतीच्या अपेक्षांना मी मनापासून प्रतिसाद देऊ शकत नाही. यावर काही उपाय आहे का? – एक भगिनी, सोलापूर."

आठ ओळींत बसलं. फाइल 'विसंवाद'. डॉक्टरांनी गुरुवारी विसंवादाचं उत्तर काढलं, सुस्वभावी व निर्व्यसनी पती लाभणे हे भाग्यच होय असं सुरुवातीला जोडलं आणि पुढे ठरलेलं तसंच ठेवलं: संसाराच्या रगाड्यात स्त्रीचे मन कोमेजते, तरी कामे लवकर आटोपून, केसांत गजरा माळून, प्रसन्न चेहऱ्याने पतीचे स्वागत करावे, हळूहळू गोडी उत्पन्न होईल. प्रुफ आलं. त्यात एकही चूक निघाली नाही. बाईंनी समासात 'छान' असं लिहिलं, ते त्या क्वचित लिहीत.

मला काय वाटलं? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे. घाई होती, हे खरं आहे. लाज वाटली असेल, हेही खरं असू शकेल. पण मी शपथेवर सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. हे अक्काचं आहे, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि अक्काचं आहे म्हणून काही वेगळं करायचं असतं, हे सुचलं नाही. नोकरीला लागले तेव्हा पहिलं असं पत्र वाचून मी मोरीत जाऊन रडले होते. पुढे कधीमधी पत्र वाचताना चहा गार व्हायचा. मग चहाही गार होईनासा झाला. अक्काने सतराचा पाढा धरला होता तसं मी आठ ओळींचं माप धरलं होतं. पण तिचं अंग तिच्याकडून हिसकावलं गेलं होतं. माझं कुणी काय हिसकावलं होतं?

लग्न का केलं नाहीस, असं लोक विचारत. दिवाळी अंक असायचे, वेळ नाही मिळाला, असं मी सांगत असे. पुण्यात असल्या उत्तरानंतर पुन्हा कुणी विचारत नाही.

मासिक पुढे बंद पडलं. बाई गेल्या. खिळे भंगारात गेले आणि मी संगणकावर प्रुफं तपासायला शिकले. भिंतींवरचे त्रिकोण पुसून त्यांवर क्लासच्या जाहिराती आल्या. सिनेमात फुलांना विश्रांती मिळाली, माणसंच सगळं करायला लागली. आता तर सगळं हातातल्या फोनवर आहे. बसमध्ये शेजारचा मुलगा अंगठ्याने सरकवत असतो, त्यात एक उघडी बाई येते, मग वडापाव येतो, मग कुणाचं तरी प्रवचन. त्याचा चेहरा तिन्ही वेळा सारखाच असतो. मला त्याचा राग येत नाही. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. प्रज्ञा मला तिच्या वयाच्या मुलींचे व्हिडिओ दाखवते. त्या कॅमेऱ्यात बघून शरीराच्या प्रत्येक भागाचं नाव घेतात, भाजीवालीने भाज्यांची घ्यावी तशी. कन्सेंट म्हणजे काय ते एका मिनिटात बोटांवर मोजून सांगतात. बोलतात चांगलं. बाईंनी ते पाहिलं असतं तर मूर्च्छाच आली असती, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी बहुधा पुन्हा लावायला सांगितलं असतं.

रविवारी धायरीला गेले. अक्का मुलाकडे राहते, सातव्या मजल्यावर. दाजींना जाऊन काही वर्षं झाली. हॉलमध्ये त्यांचा हार घातलेला फोटो आहे. प्रज्ञाला सायकल त्यांनी शिकवली, पोहायला त्यांनी नेलं, बारावीच्या परीक्षेला केंद्रावर ते सोडायला जायचे आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाशी उभे असायचे. मुलगा आणि सून बाहेर गेली होती. अक्का खाली चटईवर मेथी निवडत बसली होती. प्रज्ञाने लॅपटॉप उघडला आणि सुरुवात केली. मुखपृष्ठं झाली, खिडक्या झाल्या. खिडक्यांवर ती खूश होती. "इट्स ब्रिलियंट, मावशीआजी! म्हणजे दोषी वाचकच!" मी सखूबाईंचं वाक्य सांगितलं, ते तिने टिपून घेतलं. मग ती सल्ल्याच्या सदरावर आली.

"आजी, हे ऐक ना. इतकं क्रिंज आहे." आणि तिने वाचलं. माझ्या विवाहास सहा वर्षे झाली असून. आवाज तिला अक्काचाच मिळाला आहे, शब्द न शब्द सुटा. गजऱ्यापाशी ती इतकी हसली की वाचता येईना. मी अक्काच्या हातांकडे बघत होते. ते थांबले नाहीत. पानं एकीकडे, काड्या दुसरीकडे.

"आमचे सर म्हणतात, ही पत्रं बहुतेक ऑफिसातच लिहायचे," प्रज्ञा म्हणाली. "खपासाठी. तसं असेल तर मला चॅप्टरमध्ये तसं टाकायला लागेल. खरंच खरी असायची का?"

"खरी असायची."

"मग ही कोण असेल? मेबी काहीतरी सिरियस असेल तिचं. नुसती ओढ वाटत नाही म्हणून कोण पत्र लिहील?"

पोर हुशार आहे. आमच्या बाईंना, डॉक्टरांना कुणाला पडला नाही तो प्रश्न तिला पडला. सांगायचं असतं तर हीच वेळ होती. समोर भिंतीवर दाजी होते, खाली अक्का होती, आणि मधे ही मुलगी दोघांवरही जीव असलेली. मी म्हटलं, "कोण जाणे. असेल सोलापूरची कुणीतरी."

तिने तेही टिपून घेतलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बाल्कनीत जाऊन दार ओढून बोलायला लागली.

"अजून सोलापूरच का?" अक्का म्हणाली. मान वर केली नाही.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दिवाळीला अंक तूच आणून दिलास. मला काय वाचता येत नव्हतं?"

"डॉक्टर असलं उत्तर देतील असं मला..." मी बोलायला लागले आणि थांबले, कारण ते खोटं होतं.

"डॉक्टरला कोण विचारत होतं?" अक्काने जुडी बाजूला ठेवली. "मी तुला लिहिलं होतं, शकू. तूच म्हणालीस, पहिल्यांदा मी वाचते. तोंडानं बोलवेना म्हणून लिहिलं. अक्षर तू ओळखणार, ते मला पक्कं ठाऊक होतं. पेटीत टाकलं आणि दिवस मोजले. मिळालं असेल, वाचलं असेल. आणि त्याच रविवारी तू आलीस. काही ठरलेलं नसताना. मी म्हटलं, आली."

तिने मांडीवरच्या काड्या झटकल्या.

"मी भाकरी करत होते. तू शेजारी पाटावर बसलीस. म्हणालीस, अक्का, किती गं वाळलीस. मी म्हटलं, आता विचारते. मी तवा खाली उतरवला आणि तुझ्याकडं तोंड केलं. तर तू बाहेर हाक मारलीस, दाजी, परतीची बस कितीला आहे हो?"

ती रागावून बोलत नव्हती. कालची हकिगत सांगावी तसं सांगत होती. बाल्कनीत प्रज्ञा कशाला तरी हसत होती. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मी तो रविवार आठवायचा प्रयत्न केला. पाट आठवत नाही, तवा आठवत नाही, तिचं तोंड तर मुळीच आठवत नाही. पण बस मला मिळाली असणार, कारण सोमवारी सकाळी मी वेळेवर कामावर होते.